खारी भिंत

रंगाच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की आधी रंगाचं कार्ड मागतं. पिस्ता, बदामी, आभाळी करत अर्धा तास बोट फिरवत बसतं. भिंत कुठली आहे, कोणत्या पाण्यानं बांधली आहे, तिला ऊन लागतं की ओल, हे कुणालाच सांगावंसं वाटत नाही. मी विचारलं तर तोंडं वाकडी होतात, जसं काही मी त्यांच्या घरातली भांडणं विचारली. अकोल्याच्या बाजारात एकोणतीस वर्षं हे दुकान चालवून माझे केस गेले, पण या एका गोष्टीवरून डोकं फिरायचं काही थांबलेलं नाही. "मोईजभाई, तुमी रंग विका, उलटतपासनी काहून घेता," असं मला तोंडावर सांगणारेही आहेत.

धर्मपाल मात्र भिंतीपासूनच सुरुवात करायचा. धर्मपाल रंगारी. वय माझ्याइतकंच, पंचावन्नच्या आसपास, अंगानं काटकुळा, बोलणं मोजकं. पंचवीस वर्षं तो माझ्याकडून रंग नेतो. नवीन काम मिळालं की तो आधी नुसती भिंत पाहून यायचा. बोट ओलं करून प्लास्टरवर घासायचा आणि ते बोट जिभेला लावायचा. मग काउंटरवर येऊन सांगायचा, "थोडी खारट हाये, पन चालते," नाहीतर, "बेकार हाये, हिले दोन महिने हात लावाचं काम नाई." पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी हसलो होतो. पुढे डब्यावरच्या छापील माहितीपेक्षा त्याच्या जिभेवर माझा जास्त विश्वास बसला.

अकोल्याहून अकोटकडे निघालं की पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा लागतो. जमिनीखालचं पाणी खारं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि चहातलं दूध फाटतं. तरी घर बांधताना लोक बोअरचं तेच पाणी सिमेंटात ओततात, कारण गोडं पाणी पिण्यापुरतंच असतं. मग ते मीठ भिंतीत बसतं ते बसतंच. दर पावसाळ्यात ओल चढली की पांढरी भुकटी होऊन बाहेर यायला पाहतं.

अशा भिंतीला कोणता रंग द्यायचा, यावर माझं आणि धर्मपालचं एकमत होतं. बाजारात ज्याला प्लास्टिक म्हणतात, त्याच्या डब्यावर बारीक अक्षरांत लेटेक्स असं लिहिलेलं असतं. दुसरं अ‍ॅक्रिलिक. दोन्ही पाण्यात कालवायचे, दोन्ही गुळगुळीत, काउंटरवर दोन्ही सारखेच दिसतात. फरक भिंतीवर गेल्यावर कळतो. प्लास्टिकचा पापुद्रा घट्ट आणि चकचकीत, ओल्या फडक्यानं पुसता येतो, पण आतली ओल बाहेर निघाली की तिला तो वाट देत नाही. मग मीठ त्याला मागून ढकलतं, फुगे धरतात आणि रंग ताटाएवढे तुकडे होऊन खाली येतो. अ‍ॅक्रिलिक दिसायला तेवढं चमकत नाही, पण उन्हात ताण खातं, ओल बाहेर सोडतं आणि भिंतीला धरून राहतं. कोरड्या घरात, आतल्या खोलीत प्लास्टिक खुशाल लावा, मी स्वतः लावलं आहे. खाऱ्या भिंतीला लावणाऱ्याला मात्र मी दुकानाबाहेर काढायला कमी करत नाही.

आता धर्मपालच्या लेकीचं सांगतो, कारण गोष्ट तिचीच आहे.

दीपमाला बारावीत असताना तिची आई गेली. त्यानंतर घरात दोघंच. धर्मपाल कामावरून आला की अंगावरच्या रंगाच्या थेंबांसकट भाकरी थापायला बसायचा आणि पोरगी समोर पुस्तक घेऊन. तिला त्यानं अमरावतीला नर्सिंगला घातलं. तीन वर्षं दर दुसऱ्या रविवारी हा माणूस अमरावतीची गाडी धरायचा, होस्टेलच्या फाटकावर तासभर तिच्याशी बोलून परत यायचा. सोमवारपासून माझ्या दुकानात त्या एका तासाचं वर्णन चार दिवस पुरायचं. कोर्स झाला, अमरावतीलाच एका दवाखान्यात नोकरीचं पक्कं झालं, आणि तेवढ्यात स्थळ आलं.

केशवराव निवृत्त मास्तर. गाव पूर्णेच्या काठाला, घर सिमेंटचं, स्वतःचं. मुलगा अनुप अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर. माणसं शिकलेली, बोलायला गोड. "नोकरी इथं अकोटला करेल की, आम्ही काय बांधून ठेवणार आहोत?" मास्तर म्हणाले. लग्न झालं. पाच महिन्यांत सासू चतुराबाईंना लकवा झाला. उजवं अंग गेलं, बोलणं अर्धं राहिलं. मास्तर म्हणाले, "घरातच शिकलेली नर्स आहे, बाहेर कशाला बघायचं?" याला कुणी काही बोललं नाही. दीपमालाही नाही. मला राग येतो तो याचाच की, त्या घरात कुणी वाईट नाही. वाईट असतं तर भांडता आलं असतं. सासूला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, भरवायचं, पुसायचं, आणि हे सगळं ती इतकं चांगलं करते की दुसऱ्या कुणाची गरजच पडत नाही. साडेचार वर्षांत ती अकोल्याला दोनदा आली, दोन्ही वेळा सकाळी येऊन संध्याकाळी परत.

मग बापानं जावं. तर तिथं वेगळीच मेख. धर्मपालच्या आईनं मरताना त्याचा हात धरून सांगितलेलं: लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. दीपमालाला अजून मूल नाही.

"अरे, तू बुद्धविहारात जाऊन एवढी भाषणं ऐकतोस," मी त्याला चिडवायचो, "आणि घरी येऊन म्हातारीचं ऐकतोस?"

"मले समजते सगळं, मोईजभाई. पन घास उतरतच नाई तं काय करू?"

तो जायचा तो कुणाच्या मोटरसायकलवर, नाहीतर एसटीनं. खुर्चीच्या कडेवर बसायचा. लेक पाण्याचा गिलास घेऊन समोर उभी, आणि हा म्हणायचा, तहान नाही. अर्ध्या तासात उठायचा. फोन होता, पण तिचा फोन सासूच्या खाटेजवळ, मास्तरांच्या समोर. "बरं हाये बाबा. तुमी जेवले का?" याच्यापुढे बोलणं कधी गेलं नाही.

यातून एकच फट होती, आणि ती रंगाच्या धंद्याची. गावोगाव रिवाज असा की बाहेरगावचा रंगारी कामाला आला, तर काम संपेपर्यंत त्याचं राहणं-जेवण काम देणाऱ्याच्या घरी. कामाचं जेवण ते कामाचं जेवण, त्यात नातं येत नाही. बाप म्हणून ज्या घरात पाणी चालत नव्हतं, तिथं रंगारी म्हणून धर्मपालला दोन वेळचं जेवण चालत होतं. त्याच्या आईनं या गोष्टीवर काही सांगून ठेवलेलं नव्हतं.

लग्नानंतरची पहिली जयंती आली. चौदा एप्रिलच्या आधी आमच्याकडे बौद्ध वस्त्यांमधून रंगाची झुंबड असते. धर्मपालला त्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसायची. ते सगळं सोडून तो आठ दिवस लेकीच्या घरी गेला. समोरची खोली रंगवायची होती, जिथं जयंतीला लोक येऊन बसतात. तिथंच एका बाजूला चतुराबाईंची खाट. जाण्याआधी त्यानं भिंत चाखली होती. मला म्हणाला, "अशी खारी भिंत म्या जिंदगीत पायली नाई."

"मग अ‍ॅक्रिलिक ने."

"मास्तरले चमक पायजे. शेजाऱ्याच्या घरी हाये तशी."

"तू सांग ना त्याला. तू रंगारी आहेस की तो?"

"मी पोरीचा बाप हावो," धर्मपाल म्हणाला.

आणि त्यानं प्लास्टिक नेलं. यावर कडी म्हणजे, रंग झाल्यावर चार पाहुण्यांसमोर मास्तरांनी विचारलं, "काय इवाई, किती वर्षं बघायला नको?" आणि या शहाण्यानं सांगितलं, पाच. इवायाच्या, म्हणजे व्याह्याच्या, घराची भिंत वाईट आहे, हे मुलीच्या बापाच्या तोंडून कसं निघावं? हे मला कळलं तेव्हा मी दुकानात त्याला गिऱ्हाइकांसमोर झापलं. पंचवीस वर्षांत ज्यानं एका भिंतीबद्दल खोटं सांगितलं नाही, त्यानं नेमकं लेकीच्या घरी सांगावं.

दिवाळीच्या आत भिंत सुटली. खालून सुरू झाली आणि वर टांगलेल्या फोटोंपर्यंत गेली. लोक यायचे, पाहायचे. मास्तर हसून म्हणायचे, "आमच्या सूनबाईच्या बाबांची पाच वर्षं." ओरडत नव्हते, मारत नव्हते. फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आणि दीपमाला तिथंच सासूचे पाय चेपत बसलेली असायची. पुढच्या जयंतीला धर्मपाल परत गेला, खरवडलं, पुट्टी भरली, मास्तरांच्या हट्टानं परत प्लास्टिक. परत दिवाळीत सुटलं. तिसऱ्या वर्षी तेच.

"त्या भिंतीनं मले बांधून टाकलं," तो म्हणायचा. ऐन हंगामातले आठ दिवस जातात, इकडची कामं दुसरे रंगारी नेतात, आणि वर लेकीला बोलणी. मला ते ऐकून अंगाचा तिळपापड व्हायचा. एक साधी भिंत, जिचा उपाय मला माहीत, त्याला माहीत, आणि तरी एका पोरीला तिच्यापायी रोज मान खाली घालावी लागते. चौथ्या वर्षी मी ठरवलं की ही भिंत मीच पाहतो. मास्तरांना स्वतः फोन केला. म्हटलं, गुरुजी, या वेळी मी सांगतो तसं होईल, आणि दहा वर्षांत रंग हलला तर माझं दुकान बंद करतो. मास्तर बहुतेक कंटाळले होते. हो म्हणाले.

आणि आम्ही ते काम असं केलं, की मला आजही त्याचा अभिमान वाटतो. निदान वाटायचा. फेब्रुवारीत धर्मपाल जाऊन राहिला. छातीपर्यंतचं जुनं प्लास्टर विटांपर्यंत काढून टाकलं. माझ्या दुकानाच्या टेम्पोतून अकोल्याहून गोड्या पाण्याचे कॅन पाठवले, त्या पाण्यानं विटा धुतल्या, त्याच पाण्यात नवीन प्लास्टर कालवलं. दीड महिना भिंत मोकळी वाळू दिली. एप्रिलमध्ये प्रायमर आणि अ‍ॅक्रिलिकचे दोन हात, तेही गोड्या पाण्यात. पुट्टीचं नाव नाही.

शेवटच्या दिवशी मी स्वतः पाहायला गेलो. दीपमालाला तिच्या लग्नानंतर मी पहिल्यांदाच पाहत होतो. हडकली होती, पण त्या दिवशी भलतीच खुशीत होती. सासूला वळवून झालं की उठायची, स्टुलावर चढलेल्या बापापाशी जाऊन उभी राहायची.

"बाबा, थ्या कोपऱ्यात राह्यलं पाय."

"दिसते मले. तू नर्स हायेस का रंगारी?"

"दोनी हावो."

आतून भाकरीचा वास येत होता. धर्मपाल ब्रश फिरवत होता तो इतक्या सावकाश, की मला राहवेना. अर्ध्या दिवसाची भिंत त्यानं तीन दिवस चालवली होती. मी त्याला म्हटलंही, म्हातारा झालास काय रे? तो हसला फक्त. दुपारी सगळे जेवायला बसलो. दीपमालानं बापाच्या ताटात न विचारता तिसरी भाकरी वाढली आणि त्यानं ती खाल्ली.

निघताना मी भिंतीवर थाप मारली. मला बढाई मारायची सवय आहे, ती आवरत नाही. म्हटलं, "गुरुजी, आता दहा वर्षं हिच्याकडे पाहू नका. पोरी, तुझी सुटका झाली. आता बाबांना दर वर्षी धावत यायचं काम नाही."

"दहा वर्ष?" दीपमाला म्हणाली.

"जास्तच."

ती सासूला पाणी पाजायचं आहे म्हणून खाटेकडे गेली. मी समजलो, दमली असेल.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. भिंत जशीच्या तशी. मी धर्मपालला चार-पाच वेळा विचारून ते वदवून घेतलं आणि प्रत्येक वेळी खूश झालो. तो दिवाळीनंतर एकदा जाऊन आला, खुर्चीच्या कडेवर बसला, तहान नाही म्हणाला, अर्ध्या तासात उठला. संक्रांतीच्या सुमारास परत तसंच. त्या वर्षी तो माझ्या दुकानात जास्त वेळ बसायला लागला होता. मी विचारलं तर म्हणायचा, "काई नाई. काम कमी हाये." काम कमी नव्हतं.

यंदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात मास्तरांचा त्याला फोन आला. भिंत गेली.

मी हादरलोच. मी म्हटलं, शक्य नाही. दुकान सोडून जाता येत नव्हतं, नाहीतर मी त्याच पावली गेलो असतो. धर्मपाल एकटाच सकाळच्या एसटीनं गेला आणि दुपारी चारला परत माझ्या काउंटरवर हजर. खिशातून कागदाची पुडी काढली, उलगडून समोर ठेवली. आत रंगाचे तुकडे होते. पण ताटाएवढे नाहीत. बोटाच्या पेरापेक्षा लहान, कडा वेड्यावाकड्या.

मी चष्मा लावून एक तुकडा उलटा केला. खारानं सुटलेल्या रंगाच्या पाठीला पांढरी भुकटी असते, बोटाला लागते. याची पाठ स्वच्छ. उलट प्रायमर आणि प्लास्टरचे कण त्याला धरून आलेले. म्हणजे रंग सुटला नव्हता. प्लास्टर तुटलं तरी रंगानं सोडलं नव्हतं.

"हे खाराचं काम नाही," मी म्हटलं. "हे कुणीतरी खरवडलंय. कुठून गेलंय?"

"खाटीच्या बाजूनं. जमिनीपासून दोन फुटावर."

"आणि खाली?"

"खाली भिंत पक्की. चाखून पायली म्या. खार नाई."

खार नेहमी जमिनीकडून वर चढतो. खालची भिंत पक्की आणि दोन फुटांवर रंग नाही, असं होतच नाही. आमच्या भिंतीत काही खोट नव्हती, एवढंच आधी माझ्या डोक्यात शिरलं, आणि मला हायसं वाटलं. ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

"मग मास्तरांना सांगितलं की नाही? की बाबा, रंगाची चूक नाही?"

"म्या सांगतलं, रंग चुकला माझा. प्लास्टिक द्या, मोईजभाई. एक बादली."

माझा पारा चढला. मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. पंचवीस वर्षांची अक्कल गहाण टाकलीस का, म्हटलं. त्या मास्तरापुढे किती वाकशील, म्हटलं. चांगली भिंत आहे, माझी नाही तर स्वतःच्या कामाची तरी कदर कर, आणि त्या भिंतीला तेच घाणेरडं प्लास्टिक फासायला माझ्या दुकानातून एक थेंब मिळणार नाही. दुकानात उभं असलेलं एक गिऱ्हाईक कार्ड ठेवून हळूच निघून गेलं. धर्मपाल ऐकत राहिला. माझा दम संपल्यावर म्हणाला, "पाहा, थ्या खाटीपाशी दिवसभर कोन बसते?"

मी तुकडा परत उचलून पाहिला.

"तिनं मले पानी देलं," तो म्हणाला. "गिलास धरला तं बोटं दिसले. दोन नखं मुयापासून तुटले होते. एका बोटाले चिंधी बांधेल. म्या म्हटलं, हे काय झालं? म्हने, भांडे घासून झालं. मंग म्या भिंत पायली. मंग परत तिचे बोटं पायले. तिनं हात पदराखाली घेतला."

"तिला विचारलं नाहीस?"

"काय विचारू? पोरीनं नखानं भिंत खरडली, बाप यावा म्हनून. हे तिच्या तोंडून काढू?"

आधीची तीन वर्षं तो बांधला गेला आहे असं मी समजत होतो. त्या तीन वर्षांत दर एप्रिलला मीठ त्याला लेकीकडे बोलावून नेत होतं. आठ दिवस ती बापाशी बोलत होती, त्याला भाकरी वाढत होती. मी जाऊन ते बंद केलं. गोड्या पाण्यानं, प्रायमर मारून, पक्कं बंद केलं. आणि वर तिच्या तोंडावर सांगून आलो, दहा वर्षं.

"मास्तरांना काही संशय?"

"नाई. ते खुश हायेत. म्हने, पायलं तुमच्या मोईजभाईचं अ‍ॅक्रिलिक, वर्षभर बी टिकलं नाई." त्यानं पुडी जवळ ओढली. "इनबाईले, पोरीच्या सासूले, मालूम हाये. ती तं समोरच पडेल असते. थोडं थोडं बोलता येते तिले आता. मास्तरनं तिच्यासमोर विचारलं, रंग कसा काय सुटला. तं म्हने, मीठ."

"आणि दीपमालाला बोलणी?"

"बसतेत ना. तुह्या बापाची भिंत म्हनते मास्तर. बोलनं खाते, पन मले बोलावते."

मी म्हटलं, तू तिला घेऊन ये. आजच्या आज माझी गाडी घे, मी येतो सोबत. काय करतील ते? शिकलेली पोरगी आहे, अमरावतीला आजही नोकरी मिळेल. मी खरंच किल्ली काढून काउंटरवर ठेवली.

"मांगच्या साली म्हटलं होतं तिले," धर्मपाल म्हणाला. "रंगाच्या वक्ती. म्हटलं, चाल माह्यासंगं, दोन महिने ऱ्हा. तं म्हने, बाबा, आईले कोन पलटवीन? चार दिवस पलटवलं नाई तं पाठीले जखमा होतीन. म्हने, मले शिकवलं ना तुमी. आता शिकलेलं कसं विसरू?"

मी किल्ली परत खिशात टाकली. तिच्या जागी बाई ठेवा, असं मास्तरांना सांगता येईल, भांडता येईल, ते मी पुढे बोलूनही पाहिलं. मास्तर गोड हसले आणि म्हणाले, घरचं माणूस ते घरचं माणूस. पण ती पुढची गोष्ट. त्या दिवशी माझ्यासमोर एक बाप उभा होता आणि त्याला रंग हवा होता.

"अ‍ॅक्रिलिक लय चांगलं हाये, मोईजभाई," तो म्हणाला. "तुमी म्हटलं तसंच हाये. सुटतच नाई. तिले नखानं काढा लागलं. तुमी प्लास्टिक द्या. थे आपोआप निंगते."

मी मागं वळलो. एकोणतीस वर्षांत मी खाऱ्या भिंतीसाठी प्लास्टिक दिलं ते समोरचा हट्टाला पेटला म्हणून, शिव्या देऊन, कुरकुर करत. त्या दिवशी मी स्वतः वरच्या फळीवर चढलो. सगळ्या बादल्या पाहिल्या. जिचा पापुद्रा सगळ्यात जाड आणि सगळ्यात कच्चा, ती बादली शोधून खाली आणली. सवयीनं हात प्रायमरच्या डब्याकडे गेला होता, तो मागं घेतला.

धर्मपालनं बादलीची कडी धरली.

"प्रायमर मारू नको," मी त्याला सांगितलं. "आणि इथलं पाणी नेऊ नको. बोअरचंच घाल. दिवाळीच्या आत सुटेल."